नव्या घरात सात महिने: राहून आणि हिंडून आलेला अनुभव

घर बदललं त्याला आता सात महिने होतील. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर रंग, खिडक्या आणि नळाचं पाणी यांच्यापलीकडे गेले नसते. आता मात्र आधी सांगावंसं वाटतं ते मैत्रिणींबरोबर आसपास केलेल्या भटकंतीबद्दल. हे घर माझं झालं ते तिच्यामुळेच.

सुरुवात जड गेली. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे टाकी भरायला लागली की पाइपातून गुडगुड आवाज यायचा आणि मी दचकून उठायचे. नंतर वाचलं, की ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा सावध राहतो आणि बारीकशा आवाजानेही जागा होतो. हे कळल्यावर खूप हलकं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं की घर निवडण्यातच चूक झाली. तो आवाज अजूनही येतो, पण आता झोप मोडत नाही.

हाताची सवय मात्र चिवट निघाली. जुन्या घरात बाथरूमचं बटण दाराच्या डावीकडे होतं, इथे उजवीकडे आहे. जवळजवळ तीन महिने माझा हात अंधारात डावीकडची कोरी भिंत चाचपत राहिला. तिथे बोटांचे मळकट डाग पडलेत. ते मी अजून पुसलेले नाहीत.

घराची खरी तक्रार एकच, ओल. बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवून ठेवलं होतं. चौथ्या महिन्यात कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून ते ओढलं, तर मागे बुरशीचे काळे ठिपके. प्लंबरने पाइप तपासले, गळती कुठेच नव्हती. भिंत थंड, मागे हवा खेळायला जागा नाही, त्यामुळे हवेतला दमटपणा तिथेच धरून राहत होता. भिंत पुसून वाळवली, कपाट चार बोटं पुढे घेतलं आणि आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवायला लागले. त्यानंतर ठिपके परत आले नाहीत. नव्या घरात सामान लावतानाच ही फट सोडा, नंतर भरलेलं कपाट हलवताना कंबर धरते.

आता भटकंतीबद्दल. दुसऱ्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या एकीशी जिन्यात ओळख झाली, तिने आणखी दोघींना आणलं. जिन्यात ओळख होणं हा योगायोग नसतो म्हणे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून १९५० साली दाखवलं होतं, की मैत्री कोणाशी होणार हे बरंचसं दारं किती जवळ आहेत आणि येण्याजाण्याची वाट कुठून जाते यावर ठरतं. तेव्हापासून मी लिफ्ट सोडून जिन्यानेच जाते.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघी निघतो. नियम एकच, जायचं एका रस्त्याने आणि यायचं दुसऱ्या. टेकडी, वाचनालय, जुना पूल, मागची गल्लीबोळं असं करत परिसर पायाखाली आला. फोनवरच्या नकाशात बघून मला दिशा कधीच कळल्या नव्हत्या. चालायला लागल्यावर दीड महिन्यात कळल्या. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी टेकडीच्या कुठल्या अंगाला आहे हे समजलं, त्या दिवशी खिडकीतलं दृश्यच ओळखीचं झालं.

एक चूक मात्र टाळा. उत्साहात मी मधले चार आठवडे शनिवार-रविवार दोन्ही दिवस बाहेर काढले. खोकी तशीच पडून राहिली, घरी आल्यावर बसायला मोकळी जागा नसायची आणि मग मैत्रिणींवरच चिडचिड व्हायची. आता शनिवार घराचा, रविवार बाहेरचा.

मैत्री मुरायला वेळ लागतो हेही मनाशी धरून ठेवा. माणसांमधल्या संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात जवळची मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण २०० तास लागतात असं दिसलं होतं. आमचे रविवार मोजले तर अजून निम्मेही भरत नाहीत. म्हणून जुन्या मैत्रिणींना फोन करणं मी सोडलेलं नाही, आणि नव्या जागी येणाऱ्या कोणीही सोडू नये.

गेल्या रविवारी परतताना पावसाने गाठलं. माझ्या दोन्ही हातांत सगळ्यांच्या ओल्या छत्र्या होत्या, म्हणून खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने माझ्याकडून किल्ली घेतली. आमचं दार थोडं वर उचलल्याशिवाय किल्ली फिरत नाही. तिने न सांगता दार उचललं, आत शिरली आणि टॉवेल आणायला बाथरूमकडे गेली. अंधार होता. तिचा हात सरळ उजवीकडे गेला.