३:१० ची गाडी: जुनी की नवी?

‘३:१० टू युमा’ हा वेस्टर्न चित्रपट जुना बघू की नवा, असं भाच्याने विचारलं. त्याच्याकडे एकच संध्याकाळ आहे.

१९५७ चा दीड तासात संपतो, २००७ चा दोन तास घेतो. गोष्ट एकच: पकडलेल्या दरोडेखोराला तुरुंगाकडे नेणाऱ्या ३:१० च्या गाडीत बसवेपर्यंत एक गरजू शेतकरी त्याच्यावर पहारा देतो. पण खरा फरक ते दोघं गाडीची वाट बघतात त्या हॉटेलच्या खोलीत कळतो. जुन्यात दरोडेखोर झालेला ग्लेन फोर्ड पलंगावर निवांत पडून गोड बोलत पैशांचं आमिष दाखवतो आणि बंदूक धरलेल्या शेतकऱ्याची, व्हॅन हेफ्लिनची, घालमेल आपल्या पोटात उतरते. कृष्णधवल चित्रणात दुष्काळ डोळ्यांना टोचतो.

नव्यात गोळीबार भरपूर, मधला प्रवास मोठा. शेतकरी झालेल्या क्रिश्चन बेलचा अधू पाय आणि बापाला जोखणारा मुलगा मात्र मनात राहतात. शेवटही वेगळे आहेत, ते सांगत नाही.

थरार आणि बाप-लेकाची गोष्ट हवी तर नवा. दोन माणसांची झुंज शांतपणे बघायची असेल तर जुनाच. भाच्याला मी जुनाच सुचवला.