'नवीन नियम' सांगून पॉलिसी बदलायला लावतात, सावध राहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आणि पाठोपाठ हे फोन सुरू झाले. मला गंडवणाऱ्याने सांगितलं, माफी जुन्या पॉलिसीला नाही. जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ) ४८ महिन्यांवरून ३६ वर आलाय, तोही फक्त नव्या पॉलिसीत. म्हणून बाबांची पॉलिसी पोर्ट करा, म्हणजे जुने फायदे कायम ठेवून दुसऱ्या कंपनीकडे न्या. धादांत खोटं! रिन्यूअललाही जीएसटी नाही. बाबांची पॉलिसी तर २०१९ ची, त्यांच्या मधुमेहाचा वेटिंग पिरियड कधीच संपलेला. पण बातमी खरी होती, आकडे खरे होते आणि तो आमचा पॉलिसी नंबर घडाघडा म्हणत होता. संशय कुणाला येईल?

प्रीमियम ३८,६०० रुपये, वर 'पोर्टिंग चार्ज' ६,५००, त्याच्या यूपीआयवर. पोर्टिंगला वेगळा चार्ज नसतो.

पीडीएफ आली. पहिल्या पॉलिसीची तारीख २०१९ हवी होती, तिथे २०२५ छापलेलं. मी ते पाहिलं, लगेच विचारलंही. "सर, सिस्टीममध्ये अपडेट व्हायला महिना लागतो." हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं, कारण त्याला तो महिनाच हवा होता. फ्री लूकचे, म्हणजे नवी पॉलिसी रद्द करता येते ते ३० दिवस त्याने गोड बोलून संपवले. जुन्या पॉलिसीचा ग्रेस पिरियडही (मुदत संपल्यावर रिन्यू करायला मिळणारा जादा वेळ) त्यातच गेला. पोर्ट नव्हतंच, कोरी नवी पॉलिसी होती.

मग बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं. १,८६,४०० रुपयांचा क्लेम नामंजूर: मधुमेह, वेटिंग पिरियड.

कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. मग त्याने आणलेला प्रीमियम कसा चालला? पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक आयोगात जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिलात. ऑनलाइन तक्रार फिरून त्याच कंपनीकडे गेली, तिने नकाराचं जुनंच पत्र चिकटवलं आणि तक्रार 'निकाली' निघाली! सत्तरीच्या माणसाचं संरक्षण गेलं, याची जबाबदारी एकानेही घेतली नाही. सगळ्यांना फक्त आपल्या टेबलावरून कागद हलवायचा होता.

आता विमा लोकपालांकडे अर्ज केलाय, ते विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करतात. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं. पोर्ट करायचंच असेल तर रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्या आणि नवी कंपनी लेखी होकार देईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. असा फोन येऊन पॉलिसी घेतली असेल, तर आजच पहिल्या पॉलिसीची तारीख तपासा. चुकीची असेल आणि फ्री लूकचे ३० दिवस संपले नसतील, तर थेट कंपनीला ईमेल करून रद्द करा. एजंटला सांगूसुद्धा नका.