आधी संगणकाचे तास, की विषयासोबतच ओळख?

प्रौढांच्या वर्गात तंत्रज्ञान आणायचं ठरलं की पहिला पेच हाच पडतो. सुरुवातीचे आठ-दहा तास नुसते संगणकाला द्यावेत आणि मग विषयाकडे वळावं, की पहिल्या दिवसापासून दोन्ही बरोबरच चालवावं? मी दोन्ही तऱ्हांनी शिकवलं आहे आणि माझा कल दुसऱ्या तऱ्हेकडे आहे. पण पहिलीची बाजू लंगडी नाही, म्हणून ती आधी.

माणसाची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, तोकडी असते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला बोधनभाराचा, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या भाराचा, विचार याच मुद्द्यावर उभा आहे. शेकडेवारीचं गणित सोडवताना ‘पाठवा’चं बटण कुठे आहे हेही शोधावं लागलं, तर गणितासाठी डोक्यात जागाच उरत नाही. त्यातून माऊस धरणं, डबल-क्लिक करणं, धरून ओढणं ही तर हाताची कामं. सायकलसारखी ती सरावानेच येतात, आणि विषयाच्या तासाला तेवढा सराव होत नाही. वेगळ्या तासांना सगळेच नवखे असतात, त्यामुळे लाजही कमी वाटते. प्रौढांच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे. त्यांना यंत्राची भीती असते त्याहून जास्त धास्ती चारचौघांत चुकण्याची असते.

मग वेगळे तास कमी कुठे पडतात? हेतूत. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये, लोक नवी संगणकप्रणाली का स्वीकारतात, याचा अभ्यास केला. सोपेपणापेक्षा उपयुक्ततेची जाणीव वापराशी जास्त जोडलेली आढळली. पहिल्या आठवड्यात फोल्डर बनवायला शिकवलं आणि त्याची गरज सहाव्या आठवड्यात पडली, तर तोवर ते पुसलेलं असतं. मग विद्यार्थी म्हणतो, ‘आता या वयात माझ्या डोक्यात राहत नाही.’ खरं तर दोष वयाचा नसतो, आखणीचा असतो.

विषयासोबत शिकवताना हेतू समोरच असतो. अर्ज लिहायचा आहे, म्हणून टाइप करायचं. हिशेब जुळवायचा आहे, म्हणून तक्ता उघडायचा. यातला धोका गर्दीचा. एकाचं पान उघडत नाही, दुसऱ्याचा मजकूर गायब होतो, वर्ग खोळंबतो. मग शिक्षक धावत जाऊन माऊस स्वतःच्या हातात घेतो. ते दोन सेकंद फार महागात पडतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत भक्कमपणे येतो तो स्वतः करून यश मिळाल्यावर. शिक्षकाने दाबलेलं बटण विद्यार्थ्याच्या खाती जमा होत नाही.

गर्दी आवरायला मला एक नियम उपयोगी पडला: नवं साधन जुन्या धड्यावर, नवा धडा जुन्या साधनावर. दोन्ही नवे एकाच दिवशी नकोत. दुसरं म्हणजे बटणं कमी करावीत. जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने १९८४ मध्ये संगणकावर मजकूर लिहिण्याच्या एका प्रणालीतल्या प्रगत आज्ञा नवख्यांसाठी बंद करून पाहिल्या. लहान मुलांच्या सायकलला बाजूची चाकं लावतात, तसं. शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. वर्गात एवढं करता आलं नाही, तरी ‘आज ही तीनच बटणं, बाकीच्यांकडे बघायचंही नाही’ असं सांगता येतंच.

लॉगिन आणि पासवर्ड मात्र यातून वगळावेत. तो भाग विषयात मिसळतच नाही. वर्ग सुरू होण्याआधी एकेकाला बोलावून खाती उघडून घ्यावीत, नाहीतर पहिला अख्खा तास त्यातच जातो आणि माणसं पडेल मनाने घरी जातात.

फोन की संगणक, हा प्रश्नही लगेच येतो. फोन ओळखीचा असतो, बोट जिथे टेकवाल तिथेच काम होतं, आणि सराव घरीही चालू राहतो. पण प्रत्येकाच्या फोनची मांडणी वेगळी, त्यामुळे ‘उजवीकडे वर दाबा’ हे वाक्य अर्ध्या वर्गाला लागूच पडत नाही. चाळिशीनंतर जवळचं बारीक दिसेनासं होतं. म्हणून फोन असो वा संगणक, पहिलं काम अक्षरं मोठी करण्याचं. वाचणं, ऐकणं, छोटी उत्तरं देणं यासाठी मी फोन निवडेन. लांब लिखाण आणि तक्ते यांसाठी संगणकच.

चित्रफीत की छापील पान? नवख्यांसाठी पान. चित्रफीत बघताना खिडक्या बदलाव्या लागतात, आणि नेमकं तेच अजून येत नसतं. पानावर स्वतःच्या शब्दांत टिपताही येतं.

जोड्या लावाव्यात का? लावाव्यात, पण माऊस कमी येणाऱ्याच्या हाती आणि जास्त येणाऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं. हे पाळलं गेलं नाही तर जोडीपेक्षा एकटं बसलेलं बरं.

निर्णय घेण्याआधी ‘संगणक येतो का?’ असं विचारत बसू नका. काहीजण संकोचाने हो म्हणतात, काहीजण खूप येत असूनही नाही म्हणतात. त्यापेक्षा एक तयार पत्र द्या: उघडा, खाली आपलं नाव घाला, जतन करा. पाच-दहा मिनिटं न बोलता बघत उभे राहा. निम्म्याहून जास्त लोक बाणाला जागेवर नेतानाच अडखळत असतील, तर दोन-तीन तास वेगळे काढा, पण तेवढेच, आणि त्यातही पत्ते लावण्याचा एखादा खेळ ठेवा, म्हणजे ओढणं-सोडणं हाताला बसेल. नाव घालून झालं पण जतन करताना गोंधळ उडाला, तर वेगळ्या तासांची गरज नाही. त्याच पत्राने दुसऱ्या दिवशीचा विषयाचा तास सुरू करा.