कॉझिएस्कोतली खोली

नाचेझ ट्रेसवर सायकलने जायचा बेत असेल तर माझे २३५ डॉलर कसे गेले ते ऐका.

मिसिसिपीतल्या नाचेझपासून टेनेसीतल्या नॅशव्हिलपर्यंत हा ४४४ मैलांचा रस्ता. मालवाहू ट्रकना बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत, आणि टपरीही नाही. खाणं-झोपणं आजूबाजूच्या गावांत उतरून. ठगाला हे पक्कं ठाऊक असतं. दिवसभर पेडल मारून आलेला माणूस हुज्जत घालत नाही.

ऑक्टोबरात मिसिसिपीतल्याच रिजलंडहून कॉझिएस्को गावाला निघालो, पंचावन्न मैल. ओझं नको म्हणून तंबू घरीच ठेवलेला. खोली एका जाहिरातींच्या साइटवर सापडली होती, ८५ डॉलर, झेलवरून आगाऊ; झेल म्हणजे अमेरिकेत बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय. फोनवरचा माणूस दक्षिणेकडच्या हेलात, शब्द ओढत, दर वाक्याला 'सर' म्हणायचा. सायकल घरातच ठेवा म्हणाला. मी तिथेच विरघळलो.

१२२व्या मैलाला सायप्रस स्वॅम्प लागतो. काळ्या पाण्यात उभी टुपेलो नि सायप्रसची झाडं, मधून लाकडी पायवाट. अ‍ॅलिगेटर दिसतोय का बघत होतो, तेवढ्यात मेसेज आला: दुसरा सायकलवाला खोली मागतोय, १५० डॉलर अनामत पाठवा, सकाळी परत देतो. सिग्नलची एकच काडी, पैसे पहिल्यांदा गेलेच नाहीत. देव वाचवायला बघत होता बहुतेक. मी दुसऱ्यांदा पाठवले.

फोटो तरी नीट बघायचा! खोलीच्या खिडकीबाहेर डोंगरांची रांग होती. मिसिसिपीतलं सर्वांत उंच ठिकाण, वुडॉल माउंटन, २४६ मीटर. सिंहगडावर सायकल चढवणाऱ्या मला डोंगर दिसला आणि काही खटकलं नाही. नंतर तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर केबिन टेनेसीतल्या स्मोकी माउंटन्समधली निघाली. दोन मिनिटांचं काम होतं.

पत्त्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मी "मॅम, खोली..." म्हणेपर्यंत त्यांनी मान हलवली. "या महिन्यातला तू तिसरा." नंबर लावला तर बंद. बाईंनी व्हरांड्यात बसवून गोड गार चहा दिला आणि पुतण्याला पिकअप घेऊन बोलावलं, मोटेलवर सोडायला.

बँकेने दुसऱ्या दिवशी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. झेलचं असंच आहे, समोरच्याच्या खात्यात पडले की रद्द होत नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार लावून धरता आली असती, आणि कार्ड नको म्हणणाऱ्याकडे खोली घ्यायचीच कशाला? एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकलीय, आशा ठेवलेली नाही. सगळ्यात झोंबलं ते हे की १६०व्या मैलाजवळ, गावाला लागूनच, फक्त सायकलवाल्यांसाठी तळ आहे, फुकट. तंबू मात्र हवा.

पुतण्या येईपर्यंत बाईंनी खोक्याचा एक पुठ्ठा आणि जाड मार्कर आणून दिला. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मीच व्हरांड्यातल्या दिव्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे खोली भाड्याने मिळत नाही.