नैतिक विषयावर युक्तिवाद शिकवणारा ऑनलाइन कोर्स: तिसरा आठवडा भारी, ग्रेडिंग बेकार

खरं सांगते, कोर्स घेतला तो भांडणं जिंकायला. पहिले दोन आठवडे बोअर, उपयुक्ततावाद (परिणामांवरून योग्य-अयोग्य ठरवणं) म्हणजे काय, कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळणं) म्हणजे काय, सगळं स्लाइडवरचं वाचून दाखवतात, दीडपट स्पीडने लावा काही बुडत नाही. खरी मजा तिसऱ्यात. एकच प्रश्न निवडायचा आणि शेवटपर्यंत तोच धरून बसायचं, मी घेतला पेशंटपासून गंभीर आजार लपवावा का.

पहिल्या झटक्यात लिहिलं, 'खोटं बोलणं चूक म्हणून लपवणं चूक', वाटलं झालं काम! मेंटर मॅडमनी दोनच प्रश्न टाकले. न सांगणं आणि खोटं बोलणं एकच का? आणि खोटं कायमच चूक का, कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 मध्ये लिहून ठेवलंय की मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन त्याचा पत्ता विचारतोय तरी खोटं बोलू नये, हे पटतं का तुला? नाही पटत. मग माझं गृहीतकच गेलं ना.

नंतर ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा 1740 मधला मुद्दा, 'असं आहे' वरून थेट 'असं असावं' वर उडी मारायची नाही. 'बऱ्याच पेशंटना कळायला हवं असतं' ही नुसती माहिती झाली, तिच्यावरून 'सांगितलंच पाहिजे' निघत नाही, मध्ये 'ज्याचं आयुष्य त्याचा निर्णय' हे वाक्य लागतं जे मी न लिहिताच धरून चालले होते. आणि ते कागदावर आल्यावर लक्षात आलं की पेशंटच म्हणाला 'मला काही सांगू नका' तर हेच वाक्य उलटं माझ्याच अंगावर येतं. तीन दिवस डोक्यात तेच.

विरुद्ध बाजू लिहायचा टास्कही मस्त. मी लिहिलं होतं नातेवाईक घाबरट असतात म्हणून लपवतात, शेरा आला की ही त्यांची बाजू नाही, हा त्यांच्यावरचा आरोप आहे.

आता वैताग. शेवटचा निबंध दुसरे विद्यार्थी तपासतात, एकाने मला कमी मार्क देऊन कारण काय लिहावं, 'मला पटलं नाही'. एवढंच! पाच आठवडे काय शिकला देव जाणे, सपोर्टला मेल केला तर ठोकळेबाज उत्तर.

चार स्टार, पाचवा त्या ग्रेडिंगने खाल्ला. वेळ काढून ठेवा, तिसऱ्या आठवड्याचं काम मला दहा दिवस पुरलं.