सोसायटीचे जुने बायलॉज: सगळे बदलायचे, एखादं कलम दुरुस्त करायचं की ठरावावर भागवायचं?

महाराष्ट्रात बऱ्याच जुन्या गृहनिर्माण संस्था अजूनही नोंदणीच्या वेळी मिळालेल्या बायलॉजवरच, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नोंदणीकृत नियमांवरच चालतात. दरम्यान कायदा दोनदा मोठ्या प्रमाणात बदलला. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये एकदा. मग २०१९ मध्ये, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं तेव्हा. नियम जुने झालेत हे कमिटीला कळतं, पण बदल कसा करायचा यावर गाडी अडते.

पुष्कळांना वाटतं की एखाद-दुसरं कलम दुरुस्त करणं सोपं आणि सगळे बायलॉज बदलणं अवघड. प्रत्यक्षात दोन्हींची प्रक्रिया एकच आहे. दुरुस्तीचा विषय स्पष्ट लिहून सभासदांना रीतसर नोटीस द्यायची. सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतांनी ठराव मंजूर करायचा आणि सभेपासून दोन महिन्यांत प्रस्ताव सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे पाठवायचा. अधिनियमाच्या कलम १३ नुसार त्यावर दोन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, आणि नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही. एक ओळ बदला की सगळं पुस्तक बदला, पायऱ्या तेवढ्याच.

म्हणून बायलॉज २०१३ च्या आधीचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आदर्श उपविधी, म्हणजे सहकार खात्याचे नमुना बायलॉज, पूर्ण स्वीकारा. हा मजकूर निबंधक कार्यालयाच्या परिचयाचा असतो, त्यामुळे शब्दाशब्दावर खल होत नाही. स्वतः लिहिलेल्या कलमावर मात्र हमखास प्रश्न येतात. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवणं पुरतं. जुन्या बायलॉजच्या आधारे ‘एनओसी’ (ना हरकत पत्र) अडवून धरणाऱ्या सोसायट्यांमध्ये एवढ्या एका फरकानेही पुष्कळ भांडणं मिटतील.

पण नमुना डोळे झाकून घेऊ नका. त्यातल्या रिकाम्या जागा सभेने विचार करून भरायच्या असतात. प्लॉटधारकांच्या संस्थेचा नमुना वेगळा असतो. शिवाय २०१४ चा मजकूर २०१९ च्या प्रकरणाआधीचा आहे, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.

हे वाचन सगळ्यात जास्त महत्त्वाचं ठरतं ते सभासदाच्या मृत्यूनंतर. फ्लॅट नॉमिनीच्या नावावर झाला की तोच मालक, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण अधिनियमाच्या त्याच नव्या प्रकरणातल्या कलम १५४ब-१३ नुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सदस्य असतो. खरं हस्तांतरण मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा कायदेशीर वारसांमधली कौटुंबिक व्यवस्था यांवरून होतं. जुनं कलम तसंच राहिलं तरी कायदा त्याच्या वरचढ ठरतो. मात्र सेक्रेटरीच्या हातात जुनंच पुस्तक असेल तर दुःखात असलेल्या कुटुंबाला चुकीचा सल्ला मिळतो, भावंडांत तेढ पडते. माझ्या मते बायलॉज बदलायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

एखादंच कलम दुरुस्त करणं कधी योग्य? बायलॉज २०१४ च्या नमुन्याचे असतील आणि तुमच्या संस्थेची एखादी खरी वेगळी गरज असेल तेव्हा. शक्य असेल तर मसुदा आधी उपनिबंधक कार्यालयात दाखवून घ्या. नोंदणी नाकारली गेली तर कारणं मिळतात आणि अपीलही करता येतं, पण त्यात वेळ जातो.

तिसरा मार्ग साध्या ठरावाचा. त्याला नोंदणी लागत नाही, आणि रोजच्या व्यवहाराला तोच बरा. सामान हलवण्याच्या वेळा, पाहुण्यांचं पार्किंग, क्लब हाऊसचं बुकिंग, फ्लॅटमधल्या तोडफोडीची वेळ, असे विषय बायलॉजमध्ये घालूच नयेत. ते वरचेवर बदलावे लागतात.

फक्त ठरावाची ताकद ओळखा. कायदा आणि बायलॉज जिथे थांबवतात, त्यापुढे बहुमतही जाऊ शकत नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचं शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ च्या शासन आदेशाने ठरवलेलं आहे. महापालिका हद्दीत हस्तांतरणाच्या प्रीमियमची, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा ₹२५,००० आहे. ‘सभेने मंजूर केलंय’ म्हणून त्याहून जास्त घेतलेली रक्कम वादात टिकणार नाही. पाळीव प्राण्यांचंही तेच. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बायलॉज दुरुस्त करूनसुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. स्वच्छतेचे नियम जरूर करा.

बायलॉज बदलायचं ठरलं तर सभेच्या नोटिशीसोबतच जुनं आणि नवं कलम समोरासमोर छापलेला तक्ता घरोघर द्या. सभेत पहिल्यांदाच मजकूर ऐकणारा माणूस विरोधातच मत देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. शक्य असेल तर आधी एक साधी चर्चेची बैठक घ्या. ज्येष्ठ सभासदांच्या शंका तिथेच सुटतात.

प्रस्तावासोबत ठरावाची प्रत, नोटिशीची प्रत, सध्याची कलमं त्यांतल्या बदलांसह आणि सुधारित मजकुराच्या सह्या केलेल्या चार प्रती जोडा. कार्यालयाच्या शिक्क्याची आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका, कारण निर्णयाचे दोन महिने अर्ज तिथे पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातात.