परतावा तपासायला कॅम्स-केफिनटेकचं एकत्रित विवरणपत्र: फुकट, पण गणित तुमचंच

म्युच्युअल फंडाच्या ॲपवर हिरव्या रंगात चमकणारा आकडा नेमका कुठला, हे आधी बघा. दरमहा १०,००० ची एसआयपी, वर्षभरात १,२०,००० भरले आणि मूल्य १,२७,२०० झालं, तर ॲब्सोल्यूट परतावा, म्हणजे भरलेल्या रकमेवरची एकूण वाढ, ६ टक्के. पण पहिला हप्ता बारा महिने गुंतला, शेवटचा जेमतेम एक. म्हणून एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा, येतो ११ टक्क्यांच्या वर. दोन्ही आकडे खरे. मुदत ठेवीशी तुलना करायची तर दुसराच धरा.

कॅम्स आणि केफिनटेक म्हणजे फंडांच्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था. त्यांचं एकत्रित विवरणपत्र मागवताना 'डिटेल्ड' निवडा आणि तारीख पहिल्या गुंतवणुकीच्या आधीची द्या, नाहीतर जुने व्यवहार नुसत्या ओपनिंग बॅलन्समध्ये गडप होतात. ईमेल फोलिओत, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्यात, नोंदवलेलाच हवा. नोंदी चोख असतात: ५,००० च्या हप्त्यातून कापलेली २५ पैशांची स्टॅम्प ड्यूटीसुद्धा दिसते.

पुढचं काम एक्सेलमधल्या XIRR सूत्राचं. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा: भरलेल्या उणे, काढलेल्या अधिक, शेवटी आजचं मूल्य अधिक. उणे चिन्ह विसरलात की उत्तराऐवजी एरर येते. लाभांश हातात आला असेल तर तो अधिक. पुन्हा गुंतवला असेल तर लिहूच नका; भरलेली रक्कम म्हणून उणे लिहिलात तर परतावा कमी दिसतो.

वर्ष पूर्ण नसेल तर एक्सआयआरआर बघूच नये. महिन्यात ३ टक्के वाढ झाली की तो ४२ च्या पुढे दाखवतो. खूश व्हायला ठीक आहे.